टाकीखालच्या खोलीची किल्ली

वरचीवाडी, ता. कडेगाव
४ नोव्हेंबर

माझ्या थोरल्या अक्कास,
धाकट्या नाथाचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. घर ठीक, गुरं ठीक, सूनबाई अंकिता ठीक, सीमेवरून लेकाची, वीरधवलचीही खुशाली आहे आणि मीही ठीक आहे. तुझे गुडघे थंडीत धरतात म्हणून तुझ्या सूनबाईला, राजनंदिनीला सांगून तेल कोमट करून घेत जा. मात्र गॅसवर तेल ठेवून कुणी दुसऱ्या कामाला लागू नका. तुमच्या आष्ट्याच्या घरात सिलिंडर दाराच्या आड ठेवलाय, ते मला पहिल्यापासून पसंत नाही.

भाऊबीजेला आलो नाही. ऊसतोडीची टोळी येणार येणार म्हणत होते. रान सोडून गेलो आणि टोळी आली, तर ती दुसऱ्याच्या फडात जायची. तशी टोळी अजून आलेली नाही. येईल. तू ताट तयार करून वाट बघितली असशील, हे माझ्या डोक्यातून जात नाही. असो.

एक नवीन गोष्ट सांगतो. आपल्या गावात नेट येतंय. वायर म्हणशील तर मागेच आली होती. रस्ता उकरून, पुरून, ग्रामपंचायतीपर्यंत आणून सोडली होती. तिच्याबरोबर एक डबाही आला होता. तो कपाटावर जाऊन बसला आणि त्यावर कुणीतरी शाळेचे फाटके नकाशे ठेवले. आता शालूबाई सरपंच झाली आहे. तिनं नकाशे खाली काढले, डबा पुसला आणि म्हणाली, "ह्यो शोभंला ठेवलाय व्हय?" आता ही एकच लाईन सगळ्या गावाला मिळून वापरायची. शाळा, दवाखान्याचं उपकेंद्र, रेशन दुकान, आणि उरलेलं गाव. आजवर वीरधवलशी बोलायला अंकिताला जोतिबाच्या माळावर जावं लागायचं. तिथं एक दगड आहे, त्यावर उभं राहिलं तरच रेंज येते. पाय घसरून ती पडेल म्हणून मी खाली उभा राहायचो. ते आता संपेल म्हणतात.

वायर जोडायला कुंडलचा जोतीराम म्हणून एक गडी आला आहे. मी त्याच्याजवळ जाऊन बसतो. त्यानं काळी वायर सोलली, तर आत केसासारखी एक तार.

"काका, बोट लावू नका. काच हाय ती. बोटात गेली तर दिसायची बी न्हाई."

"काच? वाकतीय की ही!"

"बारीक केली की काच बी वाकतीया."

"आत काय हाय?"

"उजेड."

अक्का, मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. उजेड कंदिलात असतो, एवढं मला ठाऊक. मी म्हटलं, "गड्या, पाटाचं पाणी वळणाला बांध फोडतं. तुझा उजेड वळणाला बाहेर का सांडत न्हाई?" तो हसला. म्हणाला, "आतल्या आत आपटत जातोया, काका. बाहेर पडायला वाटच न्हाई." हे मला अजून नीट समजलेलं नाही. पण आपल्या बांधाखालून, उसाच्या मुळ्यांच्या शेजारून उजेड जातोय, हे मनात आलं की मी तिथून जाताना पाय जपून टाकतो. उंदरांनी कुरतडली तर काय, हेही विचारलं. त्याला ते आवडलं नाही.

तो मला म्हणाला, "एवढ्या उनात मफलर कशाला गुंडाळलाय, काका?" कान जरा दुखतो, म्हणून गुंडाळतो. काळजीचं काही नाही.

तू इकडे यायचं मनात आणू नकोस. रस्ता उकरलेला आहे, एसटी फार आदळते.

तुझा
नाथा

वरचीवाडी
२३ नोव्हेंबर

अक्कास नमस्कार,

तुझं पत्र पोचलं. "नाथ्या, माझं काय चुकलं ते तरी सांग" असं लिहिलंस. पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन बसलो. तुझं काही चुकलेलं नाही. कधीच चुकलेलं नाही. आई गेल्यावर ज्या बहिणीनं मला भरवलं, तिच्यावर मी रुसेन का? टोळी आली नाही अजून, एवढंच.

आता नेटचं ऐक. गावात सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी. म्हणून तिच्यावर तीन डबे बसवले. एकाचं तोंड वरच्या आळीकडे, दुसऱ्याचं खालच्या आळीकडे आणि तिसऱ्याचं मळ्याच्या वस्तीकडे. या डब्यांच्या वजनानं टाकी कलेल का, असं मी विचारलं. जोतीराम म्हणाला, "काका, टाकीवर एवढी कबुतरं बसत्यात, तवा कलली का?" तिन्हींची बटणं टाकीखालच्या खोलीत आहेत. त्याच खोलीत, जिथं पाण्याचे कॉक आहेत.

पहिल्या दिवशी सगळं गाव टाकीच्या कट्ट्यावर. लग्नाला बसावं तशी माणसं ओळीनं बसलेली, माना खाली. सगळे एकाच वेळी नेट ओढायला लागले आणि ते रांगायला लागलं. आपला शेजारी गुंडा ओरडला, "हे नेट हाय का एरंडाचं तेल, खालीच उतरंना!" वरच्या आळीतले म्हणायला लागले, खालच्या आळीवाले सिनेमे बघतात. खालच्या आळीतले म्हणाले, तुम्ही काय पोथी वाचताय? वस्तीवर तर काहीच पोचेना.

मग शालूबाईनं ग्रामसभा घेतली. जोतीराम सांगत होता, लाईन गावाला एकच आहे, मोठी होईल तेव्हा होईल, तोवर जपून वापरा. मी मागं बसलो होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पाळी लावा की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जन्मभर मी पाणी संस्थेचा पाटकरी. कृष्णेचं पाणी वर चढवून आणल्यावर कुणाला कधी सोडायचं, हे मी बघत आलो. म्हटलं, "पाण्याला पाळी असती. नेटला का नको? आणि शेपटाकडनं सुरू करा. आधी वस्तीला, मग खालच्या आळीला, शेवटी वरच्या आळीला. वरच्यांनी आधी घेतलं की शेपूट कोरडं राहतं."

"आवं तात्या, हे पाणी न्हाई," वरच्या आळीतला एक जण म्हणाला.

"सगळी मिळून एकाच पाटाचं वापरत्यात का न्हाई?"

"व्हय."

"मग पाणीच झालं."

शालूबाईला ते पटलं. संध्याकाळच्या गर्दीला पाळी लागली आणि खोलीची किल्ली माझ्याकडे आली. गुंडा म्हणाला, "पाटकरी गेला आणि नेटकरी झाला!" मला वाटलं नव्हतं या वयात पुन्हा कंबरेला किल्ली लागेल. आता रात्री दोनदोनदा चाचपून बघतो, आहे का म्हणून.

तू विचारलंस, घरात लहान मूल नसताना अंकितानं गावच्या बाजारातून फुगे कशाला नेले? हे तुला कुणी सांगितलं? गुंडाचा पाहुणा तुमच्या गल्लीत राहतो, तोच असणार. फुगे असेच आणले होते. गुंडालाही तेच कोडं पडलंय. मला फुगा फुगवताना बघून म्हणाला, "कुणाचं बारसं हाय रं?" काही नाही. छातीला व्यायाम होतो.

राजनंदिनीनं अंकिताला सांगितलंय म्हणे, की आता नेट आलं तर फोनवर एकमेकांची तोंडं दिसतील. तू खूश झालीस असं कळलं. तुला फोनवर ऐकू येईना झाल्यापासून आपण पत्रांवर आलो. पण समोर बसलो की माझ्या ओठांवरून तुला सगळं कळतं. बाकी कुणाचं एवढं कळत नाही, असं तूच म्हणतेस. ते खरं आहे. तरी घाई नको. नेट नवीन आहे, अजून भरवशाचं नाही.

तुझा
नाथा

वरचीवाडी
११ डिसेंबर

अक्कास नमस्कार,

परवा फोन मध्येच तुटला, त्याबद्दल वाईट वाटलं. राजनंदिनीनं तुला खुर्चीवर बसवलं होतं, नवीन लुगडं नेसवलं होतं, असं अंकिता म्हणाली. तिच्या फोनमध्ये मला तुझं कपाळ दिसलं आणि थोडे केस. केस फार पांढरे झालेत. अंकिता फोन माझ्याकडे वळवणार तेवढ्यात नेट गेलं. पाळी संपली होती. पाळी संपली की बंद करावंच लागतं, त्याला माझा इलाज नाही. नियम सगळ्यांना एक.

तुला दुसरीच गोष्ट सांगतो, म्हणजे हसशील. रोज झोपायच्या आधी मी टाकीखाली जाऊन तिन्ही बटणं बंद करून यायचो. मनात हिशेब असा की रात्रभर कुणी वापरलं नाही तर साठेल, आणि सकाळी शाळेला आणि दवाखान्याला जोरात मिळेल. टाकी आपण अशीच भरतो ना? सकाळी बटण सुरू करून मी कट्ट्यावर बसायचो आणि येणाऱ्या जाणाऱ्याला विचारायचो, "आज जोर कसा हाय?" निम्मे म्हणायचे, "लय जोर हाय, तात्या." मला बरं वाटायचं.

जोतीराम आला तेव्हा मी हे त्याला अभिमानानं सांगितलं. तो हातातला पाना ठेवून खालीच बसला.

"काका, ह्ये साठत न्हाई."

"का साठत न्हाई? न वापरलेलं जातं कुठं?"

"कुठंच जात न्हाई. त्या वेळचं त्या वेळंला. वापरलं तर वापरलं, न्हाई तर गेलं."

"वाया?"

"वाया बी न्हाई. नव्हतंच म्हणा की."

हे मात्र माझ्या डोक्यात शिरेना. पाणी सोडलं नाही तर विहिरीत राहतं. धान्य खाल्लं नाही तर कणगीत राहतं. हे कसलं, जे जपून ठेवलं तर नसतंच? दोन दिवस याच विचारात होतो. गुंडाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुझी झोप बी तसलीच हाय. काल न्हाई घेतलीस म्हणून आज डबल मिळती का?" गुंडा कधी कधी बरोबर बोलतो, त्याचा त्याला पत्ता नसतो.

डोळ्यातून पाणी येतंय, म्हणून थांबतो. वारं फार सुटलंय. एक डोळा रात्री नीट मिटत नाही, त्यानं तसं होतं. त्यावर पट्टी लावतो. काळजी करू नकोस.

पुन्हा फोन लावायची गडबड करू नका. मीच कळवीन.

तुझा
नाथा

वरचीवाडी
२५ डिसेंबर

अक्का,

तुझं पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. कागदाच्या पुडीत कुंकू आणि चार अक्षता होत्या. बस, तेवढंच. तुझ्या लग्नानंतर एकदा पूर आला होता आणि मला येता आलं नव्हतं, तेव्हा तू अशीच पुडी पाठवली होतीस. "आपल्या हातानं लाव, मी इकडून ओवाळलंय" असं त्या वेळी सोबत लिहिलं होतंस. या वेळी काहीच लिहिलं नाहीस.

आता लिहितो. हे लिहायला बसलोय तर अंकिता दारात उभी आहे. "मामा, आज लिवलं न्हाई तर मीच राजनंदिनीला सांगणार," असं म्हणतेय.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी ओठाच्या एका बाजूनं सांडलं. मला वाटलं, हात हलला. पुन्हा भरली. पुन्हा सांडलं. अंकिताला हाक मारली तर ती माझ्याकडे बघून ओरडली. आरशात बघितलं, तर निम्मं तोंड माझं आणि निम्मं झोपलेलं. ओठ उजवीकडे खाली आलेला, डोळा उघडाच. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले. चेहऱ्याची नस सुजलीय म्हणाले. मेंदूत काही नाही, हातापायांत ताकद आहे. औषध दिलं आणि फुगे फुगवायला सांगितले. हळूहळू सुधारेल, पण सगळं येईलच असं नाही, असंही म्हणाले. मफलर, पट्टी, फुगे, सगळं त्याच्यासाठी. टोळीची गोष्ट खोटी होती.

मी का लपवलं, हे तू ओळखलं असशील. आबांचं, आपल्या बापाचं, तोंड असंच झालं होतं. मी लहान होतो. तू माझा हात धरून घरामागच्या परड्यात नेलंस आणि म्हणालीस, "तिकडं बघू नगंस." त्यानंतर आबा फार राहिले नाहीत. डॉक्टर म्हणतात, आबांचा आजार वेगळा आणि तुमचा वेगळा. डॉक्टरांनी आबांना कुठं बघितलंय? बघितलंय तू. मला वाटलं, तू माझं तोंड बघशील आणि तुझ्या चेहऱ्यावर मला ते परडं दिसेल. त्याला मी भ्यालो.

आणखी एक भीती आहे, ती मोठी आहे. तू माझे ओठ वाचतेस. आता ते वाकडे झालेत. अंकितालाच मी बोललेलं कधी कधी दोनदा विचारावं लागतं. तुला तर आवाज नाहीच. तू समोर बसलीस आणि तुला माझं काहीच कळलं नाही, तर मग आपल्यात काय उरलं? भेटलोच नाही तर निदान ते उरलंय असं धरून चालता येतं. असा माझा हिशेब होता.

आता सगळ्यात अवघड सांगतो. त्या दिवशी पाळी संपली नव्हती. नेट मी बंद केलं. अंकितानं फोन माझ्याकडे वळवायच्या आधी मी घरातून निघालो होतो. टाकी आपल्या परड्याला लागूनच आहे, म्हणून कुणाचीही पाळी असली तरी आपल्या घरात आणि कट्ट्यावर नेट येतं. मी खोली उघडली आणि मोठं बटण खाली ओढलं. तिन्ही डबे गेले, त्याच बटणावरचं उपकेंद्रही गेलं. कट्ट्यावरून गुंडा ओरडला, "आरं, कुणी कापलं?" मी आतून म्हणालो, "पाळी संपली." पाळी वस्तीची होती, अक्का. शेपटाची. ज्या वस्तीला आधी द्या म्हणून मी ग्रामसभेत भांडलो, तिचीच. केरबाची बायको वस्तीवरून चालत उपकेंद्रात आली होती. पडद्यावरच्या मोठ्या डॉक्टरीणबाई तिला नुकत्या विचारत होत्या, "कुठं दुखतंय?" आणि पडदा काळा झाला. ती तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तपासून झालं, ती बरी आहे. पण तिला दोनदा चालावं लागलं ते माझ्यामुळे.

पाटकरी असताना माझ्यावर कुऱ्हाड घेऊन लोक धावून आले आहेत. तरी एकाची पाळी मी कधी मध्येच तोडली नव्हती.

काल सकाळी शालूबाईच्या घरी गेलो. ती ज्वारीचं पीठ चाळत होती. मी किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि झालं ते सगळं सांगितलं. ती चाळण थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "केरबाच्या घरला जाऊन सांगितलंसा?"

"आधी तिकडंच गेलो होतो. तिनं च्या दिला."

"मग झालं की. किल्ली उचला."

"नको. परत फोन येईल आणि माझा हात परत बटणावर जाईल. मला माझा भरवसा न्हाई, शालू."

"आवं तात्या, एवढं काय त्या तोंडाचं? सगळ्या गावानं बघितलंय. मफलरच्या खालनं बी दिसतंया. तुमी सोडून सगळ्यास्नी सवय झालीया."

हे मला ठाऊकच नव्हतं! मी आपला उन्हातान्हात लोकर गुंडाळून फिरतोय आणि गुंडापासून जोतीरामापर्यंत सगळ्यांना माहीत. कुणी बोललं नाही एवढंच. येताना मफलर काढून हातात घेतला. गालाला वारं लागलं. म्हणजे एका गालाला लागलं, दुसऱ्याला लागलं की नाही ते कळत नाही. बोटानं दाबून बघितलं. हे कसं असतं, तेही एकदा जोतीरामाला विचारणार आहे. त्याच्या काचेत उजेड आतल्या आत फिरतो म्हणतो, तसं माझ्या गालात काहीतरी फिरत असेल आणि वाट सापडत नसेल.

जोतीराम म्हणाला होता, साठत नाही. नेटचं म्हणत होता तो. मला वाटत होतं, आपली भेट मी पुढं ढकलतोय, म्हणजे ती कुठंतरी जमा होतेय. तोंड सरळ झालं की एकदम भरपूर घेऊ. त्या दिवशी तुझे केस बघितले आणि कळलं, तसं काही नसतं.

रविवारी सकाळी राजनंदिनीला फोन लावायला सांग. सकाळी कट्ट्यावर गर्दी नसते, नेट सगळं मोकळं असतं. तू ओवाळायचं ताट घेऊन बस. दिवा पदरापासून लांब धर. फोनलाही फार जवळ नेऊ नकोस, काच तडकते म्हणतात. तू तिकडून ओवाळ, मी इकडे तुझ्या पुडीतलं कुंकू लावीन. पुडी मी एकदा उघडून बघितली आणि तशीच बांधून ठेवलीय.

माझ्याकडे बघून तुला रडू आलं तर ये. आबांसारखं दिसतं का, ते मात्र खरं सांग. मी पाटी जवळ ठेवणार आहे. न कळलेलं मोठ्या अक्षरात लिहून दाखवीन. पण आधी पाटी न घेता एकदा बोलून बघू. प, फ, ब, म म्हणताना माझे ओठ नीट जुळत नाहीत. 'अक्का' म्हणायला नुसतं तोंड उघडलं की पुरतं. ते मी आरशापुढे करून बघितलंय.

फोन लाव. मध्येच तुटला तर वीज गेली असं समज आणि पुन्हा लाव. किल्ली आता माझ्याकडे नाही.

तुझाच
नाथा